खर्च कोणाच्या नावावर?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दोन लाल वह्या मांडल्या जात. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. तालुक्याच्या गावी वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. वह्यांच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढून झाले, हळदकुंकू वाहून झाले, की ते मला जवळ बसवून घेत आणि दरवर्षी तेच एक वाक्य सांगत : "रक्कम चुकली तर सापडते रे, नाव चुकले तर सापडत नाही. खर्च किती झाला ते मागाहून लिही. कोणाच्या नावावर पडला ते आधी लिही."

मी दुकानात बसलो नाही, मास्तर झालो. वडिलांना त्याचे थोडे वाईट वाटले असावे. पण त्यांचे ते वाक्य माझ्याबरोबर शाळेत आले आणि निवृत्तीनंतरही राहिले. आज वयाची पंच्याऐंशी गाठताना मागे वळून पाहतो, तेव्हा वाटते की नीतिशास्त्रावरची जी चार जाड पुस्तके मी वाचली त्यांत हे वाक्य कुठेच नव्हते, आणि ते असायला हवे होते.

खरे बोलावे, असे आपण मुलांना शिकवतो. खरे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते, हेही जरा मोठी झाली की सांगतो. पण ती किंमत कोणाच्या नावावर पडते, हे आपण त्यांना सांगत नाही, कारण आपणच ते कधी पाहिलेले नसते. मला ते पाहायला लावले एका पाळकाने. तसे त्यांच्या हातून न कळत घडले. त्यांनी मला उपदेश असा कधी केला नाही, आणि त्यांच्या धर्मात मी गेलोही नाही.

पाळकसाहेब आमच्या गावी आले ते १९५९ साली. आमचा जिल्हा नगरचा; आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज नवा नव्हता. अमेरिकन मराठी मिशनने नगरला आपले ठाणे केले १८३१ साली, आणि 'ज्ञानोदय' हे पत्र तिथूनच १८४२ साली निघाले. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या सुमारास आणि नंतर खेड्याखेड्यांतली महार आणि मांग समाजातली कुटुंबे ख्रिस्ती झाली. गावकरी त्यांना तोंडावर काही म्हणत नसत. पाठीमागे मात्र 'पोटासाठी बाटले' हे दोन शब्द ठरलेले होते.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी त्यांचे कौलारू प्रार्थनामंदिर होते. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला. रविवारी सकाळी पाळकसाहेब स्वतः तो वाजवीत. मग पेटी, ढोलकी आणि टाळ यांचा आवाज येई. अभंगाच्या चालीवरची त्यांची भजने ऐकून माझी आई एकदा फसली होती; "आज कोणाकडे सप्ता बसलाय का रे?" म्हणून तिने विचारले होते. ती भजने पुष्कळशी रेव्हरंड टिळकांची होती, हे मला नंतर कळले.

रविवार एकच असतो. बाकीचे सहा दिवस पाळकसाहेब काय करीत, ते मी जवळून पाहिले. सात खेडी त्यांच्याकडे होती. सायकलवर मागे पुस्तकांची पिशवी, पुढे पाण्याची बाटली. कोणाचे पत्र वाचून दाखव, कोणाची मनिऑर्डर लिहून दे, कोणाच्या पोराला नगरच्या दवाखान्यात पोहोचव, नवराबायकोच्या भांडणात दोघांच्या शिव्या खा. मयत झाले की कबरस्तानातली जागा दाखवायची, खड्डा खणायला माणसे मिळाली नाहीत तर स्वतः कुदळ घ्यायची. पीक निघाल्यावर मंडळी आपापल्या घरचे दान घेऊन उपासनेला येत : बाजरीची कणसे, शेंगा, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की त्या सगळ्याचा लिलाव होई आणि पाळकसाहेबच लिलाव पुकारीत. एका वर्षी चार आण्यांच्या वांग्यावर बोली दोन रुपयांपर्यंत गेलेली मी पाहिली. घेणाऱ्याने पैसे दिले आणि वांगे परत दान केले, तेव्हा त्याचा पुन्हा लिलाव झाला.

बाजाराच्या दिवशी ते वडाखाली उभे राहून बोलत. ऐकायला पंधरावीस माणसे जमत, निम्मी सावलीसाठी. त्यांच्या उपदेशाने आमच्या गावातला, निदान माझ्या माहितीत, एकही घरंदाज म्हणवणारा माणूस ख्रिस्ती झाला नाही. मी तरुण होतो, जिभेला धार होती. एकदा त्यांना म्हटले, "पाळकसाहेब, एवढी वर्षे बोलता आहात. जमेच्या बाजूला काय?" ते हसले. "मास्तर, तुम्ही दुकानदाराचे चिरंजीव. पेरलेल्याची नोंद तुम्ही उधारीत करता. मी तशी करीत नाही."

१९७२ च्या दुष्काळात गावोगाव सुकडी वाटली जात होती. एका खेड्यातले वाटप पाळकसाहेबांच्या हाती आले. बाहेरून आलेल्या एका पाहुण्याने सुचवले की वाटपाआधी छोटी प्रार्थना करावी. सगळे जमलेलेच आहेत. पाळकसाहेब म्हणाले, "नको. भाकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे 'आमेन' मला नको." त्यांच्या आजापणज्याला गावाने जे दोन शब्द चिकटवले होते, ते त्यांच्या मनात किती खोल रुतले होते हे मला त्या दिवशी समजले.

पण ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसलो, तो त्याच्या आठ वर्षे आधीचा, १९६४ चा.

आमच्या शाळेतला एक मुलगा त्या वर्षी अकरावीला चांगल्या गुणांनी पास झाला. बाप दुसऱ्याच्या मळ्यावर सालाने राहणारा. आई मुलगा सहावीत असताना वारलेली. घर ख्रिस्ती, मूळचे महार. पोराला पुण्याला इंजिनिअरिंगच्या पदविकेला प्रवेश मिळाला. फीची माफी गरिबीच्या दाखल्यावर मिळाली असती. पण राहणे, जेवण, पुस्तके, नकाशांचे सामान यांचे काय? अनुसूचित जातीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर पोरगा तरणार होता.

इथे कायद्याची अडचण आली. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची जी यादी झाली तीत, काही शीख जातींचा अपवाद सोडला तर, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला जागा नव्हती. १९५६ साली सगळ्या शिखांसाठी ते दार उघडले. बौद्धांसाठी उघडायला १९९० साल उजाडले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेर आहेत. २०२२ साली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने एक आयोग नेमला, म्हणजे प्रश्न संपलेला नाही. १९६४ साली तर त्याची कोणी चर्चाही करीत नव्हते. वाट ठरलेली होती : कागदावर 'हिंदू महार' लिहायचे आणि रविवारी प्रार्थनेला जायचे. सगळे जाणून होते, सगळे डोळे मिटून होते.

या मुलाच्या बाबतीत मात्र कोणीतरी तक्रार केली. शाळेच्या कचेरीतून सांगण्यात आले की पाळकाची चिठ्ठी आणा. हा मुलगा आपल्या मंडळीतला नाही एवढे त्यांनी लिहून दिले की झाले.

मी त्याच्या बापाला घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. मला त्यात काही अवघड वाटत नव्हते. बाप दारातच उभा राहिला. "साहेब, लई नाही, दोन वळी लिवा. पोराचं कल्याण हुईल." मी तर सरळ वकिलीच केली. म्हटले, "कायदाच अन्यायाचा आहे. अन्यायाच्या कायद्याशी खोटे बोलणे म्हणजे खोटे बोलणे नव्हेच."

पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग आत जाऊन त्यांनी मंडळीचे जुने रजिस्टर आणले. त्यात त्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद होती. आणखी पुढे, दुसऱ्या रकान्यात, त्याच्या आईच्या दफनाची नोंद होती. ती खुद्द पाळकसाहेबांच्या अक्षरात. ते बापाला म्हणाले, "बाबा, हा आमच्यातला नाही असे मी लिहिले, तर त्याच्या आईला मी कोण म्हणून मातीत ठेवली?" बाप काही बोलला नाही. त्याने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. थोड्या वेळाने पाळकसाहेबच पुढे म्हणाले, "आणि लिहिले नाही, तर मी कोण? पोराच्या ताटात बसून खरे बोलणारा. मला एक रात्र द्या."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, पायी. चिठ्ठी त्यांनी आणली नव्हती. सायकल विकली होती. माझ्या हातात पहिल्या दोन महिन्यांचा खर्च ठेवून म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी न देणे ही माझी अडचण. तिचा खर्च त्या पोराने का द्यावा? महिन्याच्या महिन्याला मी पाठवीन."

तीन वर्षे त्यांनी पैसे पाठवले. तीन वर्षे ते सात खेडी पायी हिंडले. सगळ्या गावाने ते पाहिले. 'बाटले' म्हणणारी माणसेही वाटेत त्यांना बैलगाडीत जागा देऊ लागली. मुलगा पास झाला आणि साखर कारखान्यात नोकरीला लागला.

वाचकहो, इथे ही हकीकत संपवली असती तर दिवाळीच्या दिवसांत वाचायला ती गोड वाटली असती. मीही पुष्कळ वर्षे ती एवढीच सांगत असे. वर्गात सांगत असे, लग्नाच्या पंक्तीत सांगत असे. तात्पर्यही माझे ठरलेले होते : सत्य बोलणे सोपे, आपल्या सत्याचा खर्च आपल्या नावावर लिहिणे कठीण, आणि ज्याने तो लिहिला तोच खरा सत्यवादी.

या तात्पर्याला आपल्या पुराणांतूनही मी आधार काढला होता. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. सदा खरे बोलायचे असे कौशिकाचे व्रत. चोरांच्या भयाने काही माणसे त्याच्या जवळच्या रानात लपली. चोरांनी विचारले, कौशिकाने खरे सांगितले, माणसे मारली गेली. कौशिक नरकात गेला. का? त्याचे सत्य खोटे होते म्हणून नव्हे. व्रत त्याचे होते, खर्च रानात लपलेल्यांचा झाला म्हणून. पाळकसाहेब कौशिक होऊ शकले असते. रजिस्टर दाखवून 'मी काय करू?' म्हणून मोकळे झाले असते. ते झाले नाहीत, म्हणून मला ते थोर वाटत. अजूनही वाटतात.

पाळकसाहेब वारले १९८१ साली. निवृत्त होऊन नगरला राहात होते. मी समाचाराला गेलो. पाळकीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी अर्थातच सायकलची गोष्ट काढली. शब्द शोधून शोधून बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, सायकल सगळ्या गावानं पाहिली. माझं शिवणयंत्र कोणी पाहिलं नाही."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितले. सायकलचे पैसे चार महिन्यांत संपले. पाळकसाहेबांच्या पगारात तर घरच धड भागत नसे. बाई दोन घरांतले कपडे शिवून चार पैसे मिळवीत. त्यांवर थोरल्या मुलीची शाळा चाले. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ते यंत्र विकले गेले. मुलगी नववीतून घरी बसली. तिला नर्स व्हायचे होते.

"तुम्ही हरकत नाही घेतली?" मी विचारले.

"विचारलं असतं तर घेतली असती की नाही, देव जाणे. कदाचित 'विका' असंच म्हणाले असते. पण विचारायचं राहून गेलं. त्यांना वाटलं, आपण आपलंच देतोय." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मी रागानं सांगत नाही. तुम्ही ही गोष्ट सगळीकडे सांगता असं कानांवर आलं. सांगा. पण हिशेबात हेही धरा."

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला माझे वडील आठवले. रक्कम चुकली तर सापडते. नाव चुकले तर सापडत नाही. सतरा वर्षे मी एक खर्च भलत्याच नावावर टाकून बसलो होतो.

मग जुन्या गोष्टी नव्याने दिसू लागल्या. हरिश्चंद्राची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. स्वप्नात दिलेले वचन त्याने खरे केले. राज्य दिले ते त्याचे होते, हे मान्य. पण दक्षिणा फेडायला बाजारात आधी कोण उभे राहिले? तारामती आणि रोहिदास. सत्य हरिश्चंद्राचे, विक्री बायकोमुलाची. आणि त्या गोष्टीला आपण नाव दिले 'सत्यवादी हरिश्चंद्र'. तारामतीचे गुण आपण गातो, पण ते पतिव्रता म्हणून. तिला विचारले होते का, हा प्रश्न कीर्तनात मी तरी कधी ऐकला नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातली, त्याहून जवळची गोष्ट. नारायण वामन टिळकांनी मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनाची तळमळ खरी होती, याविषयी त्यांच्या टीकाकारांनीही शंका घेऊ नये. पैसा किंवा मान यांसाठी ते गेले नाहीत. होते ते सगळे सोडून गेले. पण निर्णय त्यांचा होता, लक्ष्मीबाईंचा नव्हता. पुढची चारपाच वर्षे नवरा जिवंत असून नवऱ्यावाचून, लहान मूल घेऊन, नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी काढली. सत्य नवऱ्याला सापडले आणि त्याची पहिली हुंडी बायकोच्या नावावर आली. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागून फरफटत नव्हे; आधी जातीभेदाचा प्रश्न स्वतःशी सोडवून, स्वतःच्या पायांनी. आणि मग शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली. पहिला भाग १९३४ साली निघाला. आपण ते पुस्तक विनोदासाठी वाचतो, आणि विनोद त्यात आहेच. पण मला आता ते पुस्तक खतावणीसारखे वाटते. एका थोर माणसाच्या सत्याचा खर्च कोणाकोणाच्या नावावर कसा पडला, त्याची ती न रागावता केलेली नोंद आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की सत्याच्या खर्चाचे दोनच नव्हे, तीन प्रकार असतात. एक आपल्या खर्चाने बोललेले सत्य. दुसरे परक्याच्या खर्चाने, म्हणजे कौशिकाचे. आणि तिसरे घराच्या खर्चाने. हा तिसरा प्रकार फसवा आहे. घर म्हणजे आपणच, असे कर्त्या माणसाला वाटते, आणि म्हणून घरातले दिले की आपलेच दिल्यासारखे वाटते. देशभक्तांच्या घरी हे झाले, समाजसेवकांच्या घरी झाले, कलावंतांच्या घरी झाले. पुतळा ज्याचा उभा राहतो त्याच्या पायांशी घरातल्यांची यादी कोणी कोरीत नाही.

मग काय करावे? घर दुखावते म्हणून माणसाने आपले सत्य गिळावे? तसे मला म्हणवत नाही. टिळकांनी ते गिळले असते तर ते टिळक राहिले नसते. आणि नवल असे, की बहुधा लक्ष्मीबाईही त्या लक्ष्मीबाई झाल्या नसत्या. पाळकसाहेबांनी चिठ्ठी लिहिली असती तर त्या रजिस्टरातल्या एका बाईचे मरण खोटे ठरले असते. मी एवढेच म्हणतो, की विचारावे. ज्याच्या नावावर खर्च पडणार त्याला आधी विचारावे. विचारल्याने खर्च कमी होत नाही. पण देणारा मग दाता होतो. न विचारता घेतले तर तो नुसता लुटला जातो, आणि लुटणारा आपला सज्जनच असतो, म्हणून त्याला ओरडताही येत नाही. 'विचारायचं राहून गेलं' या पाळकीणबाईंच्या शब्दांत मला सगळ्यांत जास्त दुःख दिसले. यंत्र त्यांनी कदाचित दिले असते. देण्याची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही.

आता त्या मुलाचे. तो कारखान्यात स्थिरावला, लग्न झाले, मुले झाली. मुलांना शाळेत घालताना त्याने कागदावर 'हिंदू महार' लिहिले. मला हे कळले तेव्हा संताप आला. पाळकसाहेब त्या वेळी हयात होते. मी मुद्दाम नगरला जाऊन त्यांना सांगितले, "ज्याच्यासाठी तुम्ही तीन वर्षे पाय झिजवले, त्याने शेवटी तेच केले." त्यांना वाईट वाटले. ते लपले नाही. पण म्हणाले, "मास्तर, तेव्हाचा निर्णय माझा होता, म्हणून खर्च मी दिला. आताचा त्याचा आहे. त्याचा खर्च तो देतोच आहे. रविवारी मागच्या बाकावर बसतो, माझ्याकडे पाहत नाही. आपण अजून काय मागायचे?"

इतका वेळ मी पाळकसाहेबांचा हिशेब मांडला, टिळकांचा मांडला, हरिश्चंद्राचाही मांडला. वडील असते तर त्यांनी विचारले असते, "आणि तुझे पान कुठे आहे?"

माझे पान असे आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाळकसाहेब दुकानाची उधारी द्यायला येत. पडवीत बसत. आई चहा पाठवी. त्यासाठी एक वेगळा कप होता. कान तुटलेला, पडवीच्या कोनाड्यात ठेवलेला. चहा वरून ओतला जाई. पिऊन झाला की पाळकसाहेब अंगणात जाऊन तो विसळीत आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवीत. कोणी सांगितले नव्हते. त्यांनी ओळखले होते. वर्षानुवर्षे हे चालले. मी ते पाहत होतो. मी शाळेत समतेवर भाषणे देत होतो. आईला कधी काही बोललो नाही, कारण तिला वाईट वाटले असते. पाहा, आईच्या मनाचा खर्च वाचवायला मी तो कोणाच्या नावावर टाकला!

सरकारी कागद म्हणत होता, हा माणूस ख्रिस्ती आहे, म्हणजे आता याला जात नाही. आमचा कप म्हणत होता, हा कोण आहे ते आम्हांला माहीत आहे. दोघांनी मिळून त्या समाजाला दोन्हीकडून धरले होते. जातीचा जाच मिळायला ते महार होते; जाचाची भरपाई मिळायला नव्हते. १९६४ साली मी पाळकसाहेबांना मोठ्या उदारपणे खोटी चिठ्ठी लिहायला सांगत होतो, तेव्हा त्या खोट्याचा मला एक पैशाचा खर्च नव्हता. आणि त्यांचे खरे बोलणे इतके महाग कशाने झाले होते? एकट्या कायद्याने नव्हे. ज्या गावात जात बाप्तिस्म्याने धुतली जात नाही, कपाने लक्षात ठेवली जाते, त्या गावाने ते महाग करून ठेवले होते. त्या मुलीच्या नववीनंतरच्या शाळेचा खर्च खतावणीत शोधीत गेलो, तर त्यातली एक ओळ आमच्या पडवीत येऊन थांबते.

रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांतच, १९१९ साली, ते वारले. रजिस्टरात नाव कोणत्या रकान्यात आहे यावर माणसाची बसायची जागा ठरू नये, असे त्यांना वाटले असावे. तो दरबार टिकला नाही. रजिस्टरे टिकली, चर्चचीही आणि सरकारचीही. १९७० साली उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एक होऊन नवे चर्च झाले, तेव्हा आमच्या ओढ्याकाठच्या मंदिरावरची पाटीही बदलली. आतले जुने रजिस्टर तेच होते. त्या बाईचे नाव त्यात अजून आहे.

माझी आई गेल्यावर पडवी पाडून नवे बांधकाम केले, त्यात कोनाडा गेला. कप कुठे गेला ते मला माहीत नाही. मी तो फोडला असता तर बरे झाले असते. पण मी फोडला नाही. तो आपसूक हरवला, आणि आपसूक हरवलेल्या गोष्टींचे श्रेय घेता येत नाही.

पाळकीणबाई होत्या तोपर्यंत आमच्या घरून दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा जाई. नाताळात तो डबा करंज्या भरून परत येई. रिकामा कधी आला नाही. त्यांची थोरली मुलगी, नर्स व्हायची राहून गेलेली, आता आजी झाली आहे. डबा तिच्याकडे जातो. मागच्या दिवाळीत मी तो स्वतः घेऊन गेलो आणि इतक्या वर्षांनी तिला विचारले, "तुला त्या वेळी राग आला होता का ग?"

ती म्हणाली, "काका, हे मला विचारणारे तुम्ही पहिलेच." आणि मग तिने चहा टाकला. दोघांनी मिळून प्यालो. राग आला होता की नाही, ते तिने सांगितले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. सांगणे न सांगणे, तेवढे तरी तिच्या मर्जीचे असू दे.

यंदा लक्ष्मीपूजनाला वह्या मांडायच्या नाहीत. दुकान जाऊन कितीतरी वर्षे झाली. तरी नातवाला जवळ बसवून मी ते एक वाक्य सांगणार आहे.